न आलेला पार्ट

वत्सला, तुझी गाडी परवा पहिल्याच चावीला सुरू झाली. चौदा महिने एका जागी उभी असलेली गाडी. मला गाडी चालवता येत नाही, पण एवढं मलाही कळतं की इतके दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसते, चाकं बसतात, कुणालातरी धक्का द्यावा लागतो. तुझी लेक सुजाता चालकाच्या जागी बसली, चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. मी गॅरेजच्या दारात पर्स छातीशी धरून उभी होते. रफीक मिस्त्री मान खाली घालून पान्हा पुसत होता. तिथेच मला संशय आला. पण ते नंतर सांगते. तुझ्यासारखी शेवटची ओळ आधी वाचून दाखवायची खोड मला नाही.

आधी एक कबुली. तू गेलीस त्या गुरुवारी दुपारी मी नेहमीसारखी चहाला आले, तर तू ओसरीत वेताच्या खुर्चीत बसलेली. चहा संपलेला, कप बशीत नीट उपडा ठेवलेला. मी हाक मारली नाही, आधी मनगट धरलं. पस्तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, दुसरं काय सुचणार? नाडी नव्हती, हात मात्र अजून कोमट होता. आणि खरं सांगू, मला आधी रडू आलंच नाही. मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बरं झालं, खुर्चीत गेली. रस्त्यावर नाही. कुणाला सोबत घेऊन नाही. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि मग मी तुझ्या पायाशी बसून भरपूर रडले.

लोक आले, म्हणाले, नशीबवान, हाल झाले नाहीत. मी मान डोलावली. मला कशातून सुटल्यासारखं वाटतंय ते त्यांना कसं सांगणार? आपल्या फेऱ्याबद्दल त्यांना एवढंच माहीत होतं, की दोन रिटायर्ड बाया वर्षातून तीन-चारदा गाडी काढून गडकिल्ले बघत हिंडतात. तू काढलेला तो नकाशासुद्धा कितीजणींनी उतरवून नेला होता. अमरावतीहून परतवाडा, अचलपूरचे दरवाजे आणि तळ्यातली हौजकटोऱ्याची इमारत, मग घाट चढून चिखलदरा आणि गाविलगड, एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी खाली उतरून अंजनगावचे पानमळे, अकोट, शहानूरवरून नरनाळा, मग अकोला, बाळापूरचा विटांचा किल्ला आणि नदीकाठची छत्री, वाडेगावच्या लिंबाच्या बागा, आणि सगळ्यात शेवटी तुझं पातूर. प्रत्येक ठिकाणापुढे तू लाल पेनाने लिहिलेलं, कुठे सावली आहे, कुठे पाणी आहे, कुठे बायांसाठी सोय आहे. शेवटचं तर सरकारी पुस्तिकेतही कुणी लिहीत नाही.

त्यांना माहीत नव्हतं ते असं, की शेवटची दोन वर्षं तुला कडेचं काही दिसत नव्हतं. काचबिंदू. समोरचं दिसायचं, नळीतून बघावं तसं. डावी-उजवी बाजू गेलेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होते. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "शोभा, समोरचं तर दिसते ना मले. कडेचं तू पाहत जा." मी सिस्टर. मला सगळं कळत होतं. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं? तुझा हट्ट हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं की मला जायचं होतं. मालक गेल्यापासून मला घराबाहेर काढणारं त्या पांढऱ्या गाडीशिवाय काही नव्हतं. हे मी तुझ्यापाशी कधी बोलले नाही, आज बोलते.

मग तू तुझी पद्धत काढलीस. जन्मभर चौथीच्या पोरांना शुद्धलेखन घातलेलं, तेच रस्त्यावर आणलं. मी डाव्या बाजूला बसून रस्ता वाचायचा. हळू करायचं असेल तर मी म्हणायचं स्वल्पविराम. थांबायचं असेल तर पूर्णविराम. एखादं जनावर नुसतंच कडेला उभं असेल, आत येईल की नाही सांगता येत नसेल, तर प्रश्नचिन्ह. आपण हसत होतो गं. परतवाड्यापर्यंत संत्र्याच्या बागांमधून मी "स्वल्पविराम, स्वल्पविराम, डावीकडे ट्रॉली, पूर्णविराम" असं बडबडत जायची आणि तू ताठ मानेने चालवायचीस. आज आठवलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. त्या रस्त्यावरची माणसं आपल्या भरवशावर नव्हे, त्यांच्या नशिबावर चालत होती.

गाविलगडाच्या दिल्ली दरवाजापाशी आपल्या शेवटच्या खेपेला तू मला विचारलंस, पक्षी आहे का जागेवर? दोन तोंडांचा तो दगडी पक्षी, चोचीत हत्ती धरलेला. मी म्हटलं, आहे. तू मान वर करून, बाजूला वळवून, त्याला नळीत पकडायला बघत राहिलीस. शेवटी म्हणालीस, असा पक्षी असता तर पेट्रोलचा त्रास गेला असता. मी हसले, पण तुला तो दिसला नव्हता हे मला कळलं होतं.

त्याच उतरणीवर ते झालं. घाटात एका वळणावरून मागे गडाची तटबंदी दिसते, तेवढ्याच एका वळणावरून. मी मान मागे वळवून बघत होते. वाचायचं विसरले. डाव्या कडेने एक कोरकू बाई डोक्यावर मोळी घेऊन उतरत होती. तुझ्यासाठी ती नव्हतीच, आणि माझ्यासाठी तटबंदी होती. आरसा मोळीला लागला, लाकडं रस्ताभर झाली, बाई खाली बसली. तिला लागलं नव्हतं. मी तिचे हात, पाय, डोकं, सगळं दाबून पाहिलं, दोनदा पाहिलं. तिने माझे हात झटकले आणि आपल्याकडे बघून विचारलं, "दिसत नाही का?"

घाटात सगळेच असं विचारतात. पण आपण दोघी तिच्यापुढे शाळेतल्या पोरींसारख्या उभ्या राहिलो. मग तू खाली बसलीस, हाताने चाचपत एकेक लाकूड गोळा केलंस, मोळी बांधलीस. गाठ इतकी पक्की मारलीस की त्या बाईने ओढून पाहिली आणि डोक्यावर घेतली.

ती वळणाआड गेल्यावर तू मला म्हणालीस, "सांगतलं काहून नाही वं?"

मी म्हटलं, "दिसत तुले नाही, अन् चुकी माही?"

अंजनगावात माझ्या भावाकडे जेवण सांगून ठेवलं होतं. तिथपर्यंत स्वल्पविराम-पूर्णविरामाशिवाय आपण एक शब्द बोललो नाही. भाऊजय वाढत होती, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, आणि आपण दोघी ताटात बघून जेवलो. तिला वाटलं भाजीत मीठ कमी पडलं. पुढे नरनाळा नाही, बाळापूर नाही, पातूर तर नाहीच. भावाचा ड्रायव्हर तुझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला आणि त्याने आपल्याला मागच्या सीटवर बसवून अमरावतीला आणून सोडलं. ती भांडणाची गोष्ट आपण पुन्हा कधी काढली नाही. कोणाची चूक, ते तसंच राहिलं. आता एकटीने न्याय करायचा तर माझी जास्त. तुला दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

गाडी माझ्या अंगणात उभी राहायची, कारण तुझ्या गल्लीत वळत नव्हती. चावी माझ्या दाराच्या खिळ्याला. दुसऱ्याच दिवशी मी रफीकला बोलावलं. त्याला सगळं सांगितलं, रडत सांगितलं. म्हटलं, गाडी घेऊन जा, आणि बाईंनी विचारलं तर सांग की गिअरबॉक्सचा पार्ट मिळत नाही. तो म्हणाला, पण गिअरबॉक्स तर चांगला आहे. मी म्हटलं, म्हणून तर पार्ट मिळणार नाही.

तुला मी तोंडावर सांगू शकले असते. वत्सला, बस झालं, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पेशंटला याहून कडू बोललेली बाई मी. पण तुला तसं बोलणं जमलं नाही. गाडी शिकलीस तेव्हा तू पंचावन्नची होतीस, आणि पहिल्यांदा एकटीने पातूरला गेलीस तेव्हा तुझे म्हातारे काका दारात येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेले होते, हे तू मला शंभरदा सांगितलेलं. ते कुणी काढून घ्यायचं? मग मी खोटं बोलले. सोपं पडलं म्हणून.

सोपं कसलं. दर रविवारी दुपारी तू विचारायचीस, "पार्ट आला का वं?" आणि मी सांगायची, नागपूरहून यायचा आहे. मग इंदूरहून. मग दिल्लीला संप आहे. मग कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. शेवटी शेवटी माझीच थाप मला आठवेना. एकदा तू म्हणालीस, "मागच्या खेपेस तर इंदूर म्हणली होती." मी चहाचा कप तोंडाला लावला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, मी चौदा महिने भोगलं. रात्री जेवताना वाटायचं, या बाईचं शेवटचं सुख मी कुलूप लावून ठेवलंय आणि वर तिच्याच घरी चहा पितेय.

आणि तुझी ती खुर्चीतली सहल. ती कुणी सुरू केली, आठवतं का? मला वाटतं मीच, अपराध धुवायला. तू ओसरीत वेताच्या खुर्चीत बसायचीस, मी डाव्या बाजूला स्टूल घ्यायची, आणि मी रस्ता वाचायची. आता नाका. आता परतवाड्याचा रस्ता लागला. स्वल्पविराम. तुझे हात हळूच वर यायचे. माझी चूक तू लगेच धरायचीस. अंजनगावच्या आधीचा पूल राहिला, मागे घे. बाळापूरच्या किल्ल्यापाशी तू हात पुढे करायचीस, विटेला लावल्यासारखा. छत्रीखाली आपण खरोखर डबा उघडायचो, कोथिंबिरीची सांबारवडी खायचो, आणि मग पुढे निघायचो. त्या खुर्चीतून तू कुणाला धक्का दिला नाहीस. मला त्या दुपारी फार आवडायच्या. खऱ्या फेऱ्यांपेक्षा जास्त, हेही आता सांगून टाकते, कारण मी भीत नव्हते.

भांडण मात्र तिथेही तेच. तुझं म्हणणं, फेरा पातूरहून सुरू करायचा. माझं म्हणणं, आधी घाट, गाडीही ताजी आणि माणूसही. तू म्हणायचीस, गड राजांचे, त्यांची नावं पुस्तकात आहेत. पातूरची लेणी ज्यांनी छिन्नीने कोरली त्यांचं नाव कुठेच नाही, मग आधी त्यांना भेटायला नको? आणि मी म्हणायची, त्यांना काय घाई आहे, ते दीड हजार वर्षं थांबलेत. असं म्हणून मी दर वेळी जिंकायची, कारण दुसऱ्या दिवसाचं जेवण अंजनगावला माझ्या माहेरी ठरलेलं असायचं. आणि दर वेळी पातूरला पोहोचेपर्यंत ऊन कललेलं. तुझ्या गावी, तुझ्या लेण्यांपाशी, आपण गाडीतून उतरायचो, दोन खांबांना हात लावायचो आणि अमरावती लांब आहे म्हणून निघायचो. तुझ्या बापाने लहानपणी तुला खांद्यावर बसवून तिथे नेलेलं. मला ते माहीत होतं. तरी मी घड्याळ बघायची.

शेवटच्या रविवारी तू म्हणालीस, "आज पातूरहून घे." मी स्टूल मांडलेलं, परतवाड्याचा रस्ता जिभेवर आलेला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. तू बरं म्हणालीस. गुरुवारी तू गेलीस.

पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, तुझ्या शाळेतले सगळे आले, ओसरी भरली. वेताची खुर्ची कुणीतरी आत नेऊन ठेवली होती, मी ती पुन्हा बाहेर आणली. सगळं आटोपल्यावर सुजाता म्हणाली, मावशी, आईची गाडी कुठेय? मी तिला अंगणात नेऊन सगळं सांगितलं. घाट, मोळी, पार्ट, सगळं. मला वाटलं ती चिडेल. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, चल, घेऊन येऊ.

तर आता गॅरेज. गाडी सुरू झाली, आणि मी रफीककडे पाहिलं. म्हटलं, बॅटरी नवीन टाकली का? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग? त्याने पान्हा ठेवला.

तो म्हणाला, "बाई यायच्या ना जी. दर पंधरा दिवसांनी. ऑटोनं."

मला आधी कळलंच नाही, कोणती बाई. मग त्याने सांगितलं. गाडी आणून महिनाही झाला नव्हता, तेव्हा तू पहिल्यांदा गेलीस. दारातूनच विचारलंस, गाडी सुरू होते का? तुझ्याकडे चौथीला होता तो. मला म्हणाला, "बाईले खोटं सांगनं नाही जमलं मले. तुम्ही माफ करा." त्याने गाडी सुरू करून दाखवली. तू चालकाच्या जागी बसलीस, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आवाज ऐकलास. बराच वेळ. मग स्वतःच चावी बंद केलीस, उतरलीस, आणि त्याला म्हणालीस, "शोभाले सांगू नको. अन् तो पार्ट काही येऊ देऊ नको."

वत्सला, मी तिथल्या टायरवर बसले. खरंच बसले, साडीला काळं लागलं.

तेरा महिने! तेरा महिने तू दर रविवारी मला विचारत होतीस, पार्ट आला का वं. आणि मी घाम पुसत इंदूर-दिल्ली करत होते. तुला माहीत होतं. तू चहात साखर ढवळत माझी थाप ऐकायचीस आणि मागच्या खेपेचं गाव काढून मला पकडायचीस. मास्तरणीला पोरगं कॉपी करताना दिसावं आणि तिने शेवटपर्यंत पेपर काढून घेऊ नये, असा प्रकार. मी गॅरेजमध्ये इतकी हसले की सुजाता घाबरली. मग मी तुला शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही, तू शुद्धलेखन तपासशील.

रफीक म्हणाला, तू पंधरा दिवसांनी येऊन गाडीत बसायचीस, सुरू करायचीस, जागच्या जागी. बॅटरी उतरू नये म्हणून, असं तू त्याला सांगायचीस. पण काच वर करून आत काहीतरी बोलत राहायचीस. एकदा त्याने चहा आणून दिला तेव्हा ऐकलं. तू म्हणत होतीस, अकोला आलं, आता डावीकडे, पातूरचा रस्ता.

म्हणजे माझ्याशिवाय तू तुझ्या वाटेने जात होतीस. गाडी जागेवर उभी, आणि पातूर आधी. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकं हलकं वाटलं, वत्सला, की चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी त्या दिवशी पोटभर जेवले. तुझं सुख मी कुलूप लावून ठेवलं नव्हतं. गाडी सोडायचं तुझं तू ठरवलंस, आणि ठरवल्याचं श्रेय मला देऊन टाकलंस, म्हणजे कुणी विचारलं तर शोभाने थांबवलं असं व्हावं आणि तुला थांबल्यासारखं वाटू नये. तेरी भी चूप, मेरी भी चूप. एवढं लबाड कुणी असावं का?

काल रविवार. सुजाता आणि मी सहाला निघालो. ती म्हणाली, मावशी, नकाशाप्रमाणे परतवाडा ना? मी म्हटलं, नाही, अकोल्याकडे घे. रस्ता चांगला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे डाव्या कडेला एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता आणि माझ्या तोंडून निघालं, स्वल्पविराम. सुजाताने वेग कमी केला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, मावशी, मला दिसतंय. मी म्हटलं, माहीत आहे, तू चालव. आणि पातूरपर्यंत वाचत गेले. 

साडेनऊला पोहोचलो. पहिल्यांदाच मी त्या लेण्यांपुढे सकाळी उभी होते, आणि घड्याळ बघायचं कारण नव्हतं. खांब मोजले. छिन्नीचे घाव हाताला लागतात, तू म्हणायचीस ते खरं आहे. एका जागी काम अर्धवट सोडलंय, कुणीतरी उद्या करू म्हणून उठल्यासारखं. सुजाताने तिथेच डबा उघडला. मी लेण्याच्या ओसरीत खांबाला टेकून बसले आणि तुझ्याशी बोलत राहिले, आत्ता लिहितेय तेच सगळं, मोळीपासून टायरपर्यंत. तू म्हणायचीस त्याच क्रमाने सुरुवात केली, हेही सांगितलं.

सुजाताने विचारलं, मावशी, कुणाशी बोलतेस?

मी म्हटलं, "तुह्या आईले सांगून राहिली. पार्ट आला म्हणून."